ख म्हणजे क + ह नव्हे (आणि घ तर त्याहून नाहीच): घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण

बोरू

मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्यांना मी शिकवतो. लिंग, विभक्ती, ‘ळ’ या सगळ्यांतून माणसं हळूहळू पार पडतात, पण काही जण वर्षानुवर्षं एका जागी अडून राहतात. ती जागा म्हणजे हे चार शब्द:

काल, खाल, गाल, घाल.

ओठांसाठी हवे असतील तर पार, फार, बार, भार. जीभ किंवा ओठ चारही वेळा एकाच ठिकाणी टेकतात. फरक आहे तो गळ्यात.

आपल्याला शाळेत कठोर-मृदू (म्हणजेच अघोष-घोष) आणि अल्पप्राण-महाप्राण शिकवतात आणि त्याचा तक्ता पाठ होतो. तक्ता बघून वाटतं की दोन बटणं आहेत, एक नादाचं आणि एक हवेचं. दोन्ही बंद असली की क, हवा चालू केली की ख, नाद चालू केला की ग, दोन्ही चालू केली की घ. माझं म्हणणं असं की पहिल्या तीन वर्णांपुरता हा हिशेब जमतो, घ पाशी मोडतो. घ, झ, ढ, ध, भ हे पाच वर्ण वेगळ्याच जातीचे आहेत आणि ते तसेच शिकवायला हवेत.

आत काय होतं ते आधी बघू. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. ते जवळ येऊन थरथरले की नाद होतो. बोलताना पुरुषांच्या आवाजात ही थरथर सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, स्त्रियांच्या आवाजात २०० च्या आसपास. तंतू लांब असले की नुसता श्वास जातो.

‘का’ म्हणताना जीभ मागे टाळूला टेकते, सुटते, आणि सुटल्यावर जवळजवळ लगेच (साधारण २० मिलिसेकंदांत) तंतू थरथरू लागतात. ‘खा’ म्हणताना जीभ सुटते त्या क्षणी तंतू सताड उघडे असतात. ते परत जवळ येईपर्यंत ८०-९० मिलिसेकंद जातात आणि तेवढा वेळ नुसती हवा वाहते. ती हवा म्हणजेच महाप्राण. म्हणून ‘ख जोर देऊन म्हणा’ ही सूचना मला पटत नाही. मुद्दा जोराचा नाही, नाद सुरू व्हायला लागणाऱ्या उशिराचा आहे. जोर देणारा माणूस ‘क्क’ म्हणतो आणि आणखी गोंधळतो.

‘गा’ मध्ये उलटा प्रकार. जीभ टेकलेली असतानाच नाद सुरू होतो, सुटण्याच्या कितीतरी आधी.

आणि ‘घा’? तिथेही नाद आधीच सुरू असतो. मग महाप्राणाचा उशीर मोजायचा कुठून? उशीर नाहीच. जीभ सुटल्यावर तंतू थरथरत राहतात पण पुरते जुळत नाहीत. मधल्या फटीतून श्वास झिरपत असतो, म्हणजे नाद आणि श्वास एकाच वेळी. पुढच्या ‘आ’चा सुरुवातीचा भागही त्या श्वासाने भिजलेला असतो.

१९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञांनी अकरा भाषांतल्या शब्दारंभीच्या स्पर्शवर्णांचं (जीभ किंवा ओठ टेकवून सोडायच्या क, त, प सारख्या वर्णांचं) मोजमाप प्रसिद्ध केलं. स्पर्श सुटल्यापासून नाद सुरू होईपर्यंतचा वेळ एवढं एकच माप त्यांनी घेतलं. त्याला व्हॉइस ऑनसेट टाइम म्हणतात. त्या अकरांत हिंदी होती आणि मराठीही होती. एवढ्या एका मापाने बहुतेक भाषांतले वर्ग नीट वेगळे पडले. हिंदी-मराठीतले क, ख, ग सुद्धा पडले. ग आणि घ मात्र त्या मापाला वेगळे करता आले नाहीत.

तर दोन प्रश्न. एक, ज्याच्या भाषेत घ-भ नाहीत त्याला ते कसे शिकवावेत? ‘तोंडासमोर हात धरा, हवा लागली पाहिजे’ हा उपाय ख-फ ला चालतो, पण भ ला लावला की शिकणारा सरळ फ म्हणून मोकळा होतो. दोन, ‘ख म्हणजे क + ह’ असं सांगावं का? मला ते चूक वाटतं, पण सोयीचं आहे हेही दिसतं.

आडवाटेचा

मी ‘क + ह’च्या बाजूने लिहितो. उर्दू लिपीत ख, घ, भ यांना स्वतंत्र अक्षरं नाहीत. मूळ अक्षराला ‘दोचश्मी हे’ नावाचं ह चं चिन्ह जोडतात आणि काम भागतं. रोमन लिपीतही केच्या पुढे एच. दोन्ही लिप्या वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्यात काही खटकत नाही. शिवाय आपण ‘एकहाती’ भराभर म्हणा, ‘एखाती’ असंच ऐकू येतं. मग वेगळा वर्ण आहे कुठे? देवनागरीत स्वतंत्र अक्षर आहे म्हणून आपल्याला तो स्वतंत्र वाटतो.

निरुक्त

आडवाटेचा, लिपीवरून काहीच सिद्ध होत नाही, ना तुमच्या बाजूने ना बोरूंच्या. कान लावायचा तर छंदाला लावा. छंद लिपीकडे बघत नाही.

‘सुख’ शब्दातला ‘सु’ लघू आहे. संस्कृतपासून मराठी वृत्तांपर्यंत कुठल्याही कवीने तो लघूच धरलेला दिसेल. ‘पुष्प’मधला ‘पु’ मात्र गुरू, कारण पुढे दोन व्यंजनं आहेत. ख जर खरोखर क् + ह असता तर ‘सु’ गुरू व्हायला हवा होता. होत नाही. छंदाच्या कानाला ख एकच व्यंजन आहे.

याहून गंमत आपल्या म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह, व्ह यांची आहे. हे लिहितो जोडाक्षर म्हणून, पण ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’, ‘उन्हाळा’ यांत पहिल्या अक्षरावर आघात येत नाही आणि मराठी छंदात ते लघूच धरतात. म्हणजे जोडाक्षरासारखं दिसणारं ‘म्ह’ उच्चारात एकच व्यंजन आहे, महाप्राण म. ऱ्ह लिहिताना रफार न देता वेगळा ऱ वापरतो तेही याच कारणाने. रफार दिला की वाचणारा मागच्या अक्षरावर आघात देईल.

घ बद्दल बोरूंनी जे लिहिलंय ते फार जुन्या काळी नोंदलं गेलं आहे. ऋक्प्रातिशाख्यात (ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथात) कंठाचं द्वार उघडं असलं की श्वास, मिटलं की नाद, अशी मांडणी आहे. अघोषांना श्वास आणि घोषांना नाद हे सांगितल्यावर घोष महाप्राणांना आणि हकाराला श्वास आणि नाद दोन्ही दिले आहेत. आधी हे आणि मग ते असं नाही, दोन्ही. स्वरयंत्रात डोकावण्याचं कुठलंही साधन नसताना केवळ ऐकून आणि स्वतःच्या गळ्याकडे लक्ष देऊन त्यांनी हे ओळखलं. मला यापुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं.

दवबिंदू

निरुक्त, सुख-पुष्प फारच पटलं.

माझ्याकडून एक भर. मी मुद्रितशोधन करते. ‘शुध्द’, ‘बुध्दी’, ‘प्रसिध्द’ ही चूक दिवसातून किती वेळा दुरुस्त करावी लागते सांगायला नको. बरोबर आहे शुद्ध, बुद्धी, प्रसिद्ध, आधी द् आणि मग ध. लोकांना नियम म्हणून सांगितलं तर विसरतात. उच्चारातून सांगितलं तर एकदम कळतं. महाप्राणाची हवा बाहेर पडायला स्पर्श सुटावा लागतो. ‘शुद्ध’ म्हणताना जीभ दातांना एकदाच टेकते, थांबते आणि एकदाच सुटते. हवा त्या शेवटच्या सुटण्यालाच येणार. ‘ध्द’ म्हणायचं तर मध्येच जीभ सोडून हवा काढून परत टेकवावी लागेल. म्हणून पाहा.

आता ‘लठ्ठ’, ‘चिठ्ठी’, ‘अख्खा’ घ्या. मराठीत आपण हे दोन्ही महाप्राण लिहितो, पण म्हणतो लट्ठ, चिट्ठी, अक्खा. तिथेही हवा एकदाच.

बोरू

दवबिंदू, हे मी वर्गात उद्यापासून वापरणार.

याच सूत्राने बोलण्यातलं ‘बघतो’ बघा. घ च्या पुढे लगेच त आला की घ ला सुटायला जागाच उरत नाही. सहज बोलताना त्याचं ‘बग्तो’ होतं, आणि भराभर बोलताना पुढच्या अघोष त च्या ओढीने नादही जाऊन ‘बक्तो’. आधी श्वास गेला, मग नाद गेला. शिकणारे मला विचारतात की पुस्तकात घ आहे आणि लोक क म्हणतात, चूक कोणाची? कोणाचीच नाही. क्षुध् + पिपासा = क्षुत्पिपासा मध्ये ध चा त होतो तो अगदी याच वाटेने.

शाळेतले व्यंजनसंधी मला आता याच नजरेने दिसतात. वाक् + ईश = वागीश, जगत् + ईश = जगदीश, अप् + ज = अब्ज: पुढे नाद आहे, तो मागे पसरला. विपद् + काल = विपत्काल: पुढे नाद नाही, मागचाही गेला. तिसरं व्यंजन, पहिलं व्यंजन असं मोजत बसण्यापेक्षा गळ्यावर बोट ठेवून एकदा म्हटलं तर नियम पाठ करायची गरज राहत नाही.

निरुक्त

पाणिनीने हेच ‘झलां जश् झशि’ आणि ‘खरि च’ या दोन सूत्रांत बसवलं आहे. आणि शिवसूत्रांची, म्हणजे त्याच्या व्याकरणातल्या वर्णयादीची, रचना पाहा (प्रत्येक गटाच्या शेवटचं व्यंजन ही नुसती खूण): झभञ्, घढधष्, जबगडदश्. पाचही घोष महाप्राण एकत्र, मग पाचही घोष अल्पप्राण एकत्र. त्यामुळे ‘झष्’ (झ पासून ष् या खुणेपर्यंत) म्हटलं की बोरूंचे ते वेगळ्या जातीचे पाच वर्ण नेमके उचलता येतात.

त्या पाचांसाठी पाणिनीला एक खास सूत्र लागलं: ‘झषस्तथोर्धोऽधः’. बुध् + त चं बुद्ध, लभ् + त चं लब्ध. इथे नेहमीसारखा पुढचा त मागच्याला अघोष करत नाही. उलट मागच्या भ चा नाद आणि श्वास दोन्ही पुढे सरकून त चा ध होतो. ख-फ-थ हे कधी करत नाहीत.

आडवाटेचा

लघू-गुरूचा पुरावा मान्य. ‘ख हे एकच व्यंजन’ हे मी मान्य करतो. पण श्वास हा सुटा करता येण्याजोगा घटक आहे, हे माझं म्हणणं कायम आहे, आणि तुमच्याच उदाहरणातून ते निघतं. लब्धमध्ये श्वास भ वरून उठून त वर गेला ना?

प्राकृतातून मराठीत येतानाचे शब्द बघा. दधि चं दही. बधिर चा बहिरा. गभीर चं गहिरं. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ध-भ चा स्पर्श झिजून गेला आणि मागे उरला तो फक्त ह. उलट बाजूने गृह चं घर: ह नाहीसा झाला आणि त्याचा श्वास पुढे ग वर जाऊन बसला. प्रस्तर, त्याचं पत्थर, आणि मराठीत फत्तर. थ चा श्वास मागच्या अक्षरातल्या प वर. बाष्प ची मराठीत वाफ झाली आणि हिंदीत भाप, म्हणजे हिंदीत श्वास पुढच्या टोकाला सरकला. आणि हाथ-हात, भूख-भूक, समझना-समजणे अशा जोड्यांत मराठीने तो सोडूनच दिला.

जो घटक असा उड्या मारतो, मागे उरतो, सुटून जातो, त्याला वेगळं नाव देऊन शिकवायला काय हरकत आहे?

बोरू

काहीच हरकत नाही, आणि तुमची यादी मी जपून ठेवतोय. माझा विरोध फक्त ‘आधी क, नंतर ह’ या क्रमाला आहे. लोकहित हा शब्द सावकाश म्हणा. क संपतो, मग ह सुरू होतो. लोखंड म्हणताना तसा सांधा सापडत नाही.

वाटसरू

छान चाललंय, वाचतोय. एक शंका: कुजबुजताना तर नाद नसतोच. मग ‘गाल’ आणि ‘काल’ वेगळे कसे ऐकू येतात?

कानसेन

वाटसरू, प्रश्न नेमका आहे. कुजबुजीत गफलत वाढते हे खरं, पण फरक पुरता पुसला जात नाही, कारण नादाबरोबर इतर खुणाही चालत असतात. क सुटताना जो बारीक स्फोट होतो तो ग पेक्षा जोरकस असतो, आणि अघोष व्यंजनाआधीचा स्वर सहसा थोडा आखूड असतो. नाद काढून घेतला की कान या खुणांवर भिस्त ठेवतो. बाकीचं काम संदर्भ करतो.

मला सगळ्यांना एक सुचवायचं आहे. प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. संगणकाच्या माइकवर का-खा-गा-घा म्हणा आणि लाटेचं चित्र मोठं करून बघा. ‘का’ मध्ये एक बारीक टोक दिसेल आणि त्याला जवळजवळ चिकटून स्वराच्या नियमित लाटा. ‘खा’ मध्ये टोक, मग गवतासारखी अनियमित खुरटी रेघ, मग लाटा. ‘गा’ मध्ये टोकाच्या आधीच छोट्या संथ लाटा चालू असतील. तोंड बंद असताना गळ्यातून येणारा तो नाद. ‘घा’ मध्ये आधी तशाच संथ लाटा, मग टोक, आणि त्यानंतरच्या लाटा नियमित असूनही कडा विस्कटलेल्या. त्या विस्कटलेल्या कडा म्हणजेच झिरपणारा श्वास. एकदा हे पाहिलं की ‘श्वासनाद’ (श्वास आणि नाद एकाच वेळी) कधी विसरायला होत नाही.

इतर भाषांबद्दल थोडं. चिनी मँडरिनमध्ये आपल्यासारखे ग-द-ब नाहीतच, तिथे फरक फक्त प-फ, त-थ, क-ख असा महाप्राणाचा. त्यांच्या अधिकृत रोमन लेखनात बी हे अक्षर प साठी आणि पी हे फ साठी वापरतात, म्हणून राजधानीच्या नावातला पहिला ध्वनी प्रत्यक्षात प च्या जवळचा आहे. इंग्रजीतही शब्दारंभी पी महाप्राण असतो, पण एस नंतर आला की त्याचा श्वास जातो. इंग्रजी माणसाला आपला ‘पार’ पुष्कळदा ‘बार’ ऐकू येतो तो यामुळेच. श्वास नाही म्हणजे ब असणार, असा त्याच्या कानाचा अंदाज. तमिळमध्ये नाद जागेवरून ठरतो, शब्दारंभी क तर दोन स्वरांमध्ये ग सारखा, त्यामुळे लिपीत दोन्हींना एकच अक्षर पुरतं.

षड्ज

मी गाणं शिकवते. बोरूंचं ‘पुढचा आ श्वासाने भिजलेला असतो’ हे वाक्य मला फार जवळचं वाटलं, कारण बंदिशीत भ किंवा ध वर सम आली की नवख्या गळ्याचा सूर त्या क्षणी किंचित खाली लागतो. तंतू सैल असतात, त्यामुळे थरथर मंदावते. सूर सरळ लावायचा तर श्वास लवकर आवरावा लागतो, पण पुरता आवरला तर भ चा ब होतो. शब्द आणि सूर दोन्ही सांभाळणं यातच कौशल्य आहे.

कानसेन

षड्ज, तुम्ही जे ऐकता तेच पंजाबीत भाषेचा नियम होऊन बसलं आहे. घोष महाप्राणामुळे पुढच्या स्वराची पट्टी थोडी उतरते. पंजाबीत कालांतराने महाप्राण गेला, शब्दारंभी नादही गेला, आणि ती उतरलेली पट्टी तेवढी राहिली. आपला ‘घोडा’ तिथे क ने सुरू होतो आणि खालच्या सुरात म्हटला जातो. तोच शब्द सपाट सुरात म्हटला तर अर्थ वेगळा होतो.

दवबिंदू

अवांतर होईल, पण राहवत नाही. ‘फळ’, ‘फूल’, ‘फार’ यांतला फ आता अनेक जण वरचे दात खालच्या ओठाला लावून इंग्रजी एफसारखा म्हणतात. आपल्या फ मध्ये दोन्ही ओठ पूर्ण मिटतात आणि मग हवेसकट सुटतात. प-वर्गात तो बसतो तो त्यामुळेच. दात लावले की स्पर्श गेला, नुसतं घर्षण उरलं. मला हा बदल मनापासून टोचतो. निवेदन करणाऱ्यांनी तरी ओठ मिटावेत.

अनुनाद

उशिरा येतेय. मी वाचा-उपचार करते, त्यामुळे बोरूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या कामातलं आहे.

ज्या मुलांना कमी ऐकू येतं ती ओठ वाचतात. आणि प, फ, ब, भ, म हे पाचही ओठांवर सारखेच दिसतात. फरक सगळा गळ्यात आणि श्वासात, जिथे डोळा पोचत नाही. म्हणून आम्ही तो हाताला देतो. एक तळवा गळ्यावर किंवा छातीवर, नाद कळायला. दुसरा तोंडासमोर, श्वास कळायला. बोरू, तुमचा हात-समोर उपाय अपुरा पडतो कारण तुम्ही एकच हात वापरता. भ म्हणताना दोन्ही हातांना एकाच वेळी काहीतरी जाणवलं पाहिजे. समोरच्या हाताला फ इतकी जोराची झुळूक लागणार नाही, सौम्य ऊब लागेल. तेवढीच अपेक्षा ठेवा, नाहीतर शिकणारा हवा वाढवत वाढवत फ वर जातो.

ध्वनी घडवताना मी ह कडून जाते. दोन स्वरांमधला आपला ह घोष असतो. ‘अहा’ म्हणताना गळ्यावर हात ठेवा, थरथर तुटत नाही. भ-घ मध्ये जो श्वासनाद हवा तो इथे आयता मिळतो. मग असे शब्द घ्यायचे:

गहाण – घाण
बहर – भर

‘गहाण’ सावकाश, मग थोडं भराभर, मग मधला ‘अ’ गिळत गिळत. एका टप्प्यावर तो आपोआप ‘घाण’ होतो. आडवाटेचा यांच्या ‘ग + ह’चा शिकवताना उपयोग आहे तो असा. फक्त ह घोष हवा, आणि तो ग नंतर वेगळा न येता ग मध्ये विरघळला पाहिजे. अघोष ह जोडला की बिघडलंच.

बोरू

अनुनाद, मनापासून आभार. दोन हातांची गोष्ट इतकी साधी आणि मी शोधत होतो तीच. एक विचारतो: पाचांपैकी सुरुवात कोणापासून करता? पुस्तकं घ पासून करतात, कारण वर्णमालेत तो आधी येतो.

अनुनाद

भ पासून. घ सगळ्यात शेवटी.

नाद चालू राहायचा तर हवा खालून वर वाहत राहावी लागते. तोंड बंद असताना ती हवा बंद जागेत साठते, दाब वाढतो आणि थरथर थांबते. भ ला बंद जागा ओठांपर्यंत, म्हणजे सगळ्यात मोठी, शिवाय गाल थोडे फुगून आणखी जागा देतात. घ ला जीभ अगदी मागे टेकलेली, त्यामुळे जागा इवलीशी आणि लगेच भरणारी. थाई भाषेत ब आणि द आहेत पण ग नाही, डच भाषेच्या मूळ शब्दांतही तसंच. अरबीत ब आहे, प नाही, म्हणूनच पारसचं फारस झालं. ओठांपाशी नाद टिकवणं सोपं, कंठापाशी अवघड.

शिवाय भ मध्ये ओठ दिसतात, आरशात बघता येतं. भ जमला की ध, मग ढ, मग झ. पहिल्या बैठकीत फक्त ‘बार-भार’ आणि ‘बहर-भर’ घ्या, डोळे मिटून ऐकायला लावा, आणि शिकणाऱ्याला दोन्हींतला फरक ऐकू येतो याची खात्री झाल्यावरच म्हणायला सांगा.